करदाता आणि फुटबॉलचा पाठीराखा

कर या विषयावर स्वतःचे मत नाही असा मनुष्य सापडणे कठीण. आगगाडीच्या डब्यात, केशकर्तनालयात किंवा लग्नाच्या पंगतीत हा विषय निघाला की प्रत्येकाजवळ एक सिद्धान्त तयार असतो. ‘कर फार झाले’ हे पहिले वाक्य. ‘शाळा, रस्ते, दवाखाने यांवर सरकार काही खर्चच करीत नाही’ हे दुसरे. ही दोन्ही वाक्ये बहुधा एकाच तोंडून, एकापाठोपाठ एक बाहेर पडतात. पहिली तक्रार दूर करावयास गेले तर दुसरी वाढण्याचा संभव आहे, हे बोलणाऱ्याच्या ध्यानी सहसा येत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, कर आणि किंमत यांतील भेद आधी समजून घेऊ. सामन्याचे तिकीट काढले की आपल्याला एक आसन मिळते. ती किंमत झाली. कराचे तसे नाही. कर हे सक्तीचे देणे आहे, आणि मी इतके रुपये भरले म्हणून मला इतक्या रुपयांचा रस्ता द्या, असे कोणालाही म्हणता येत नाही. म्हणूनच कर देताना मनुष्य कुरकुरतो; आणि तोच मनुष्य आपल्या आवडत्या फुटबॉल संघाच्या तिकिटासाठी खिसा आनंदाने मोकळा करतो. एके ठिकाणी सक्ती, दुसऱ्या ठिकाणी प्रेम. पण ज्या दिवशी त्याचा लाडका संघच कर बुडवितो, त्या दिवशी त्याने काय म्हणावे? हा प्रश्न काल्पनिक नाही. फुटबॉलचे माहेरघर असलेल्या ब्रिटनमध्ये तो अनेकदा उभा राहिला आहे.

तेथील व्यवस्था थोडक्यात अशी. १९४४ पासून नोकरदाराचा प्राप्तिकर मालकाने पगारातूनच कापून सरकारात भरावयाचा असतो. आपल्याकडेही पगारातून कर कापला जातो, तेव्हा ही रीत वाचकांना अपरिचित नाही. १९४८ साली सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्य सेवा मुख्यत्वे करांच्या पैशावरच चालते. वस्तू व सेवांवरील मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर २०११ पासून शेकडा २० आहे. मोठे फुटबॉलपटू लाखो पौंड मिळवितात आणि कर मात्र देत नाहीत, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. वस्तुतः वर्षाला १,२५,१४० पौंडांवरील वेतनाला शेकडा ४५ या दराने प्राप्तिकर लागतो आणि तो खेळाडूच्या हाती पैसा पडण्यापूर्वीच कापला जातो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावयास हवी. मालकाने कापून ठेवलेली ही रक्कम मालकाची नसते. ती कामगाराच्या श्रमाची असून सरकारात जमा होण्यासाठी काही दिवस मालकाच्या पेटीत थांबलेली असते. क्लबने ती खर्चून टाकली, तर त्याला ‘कर थकला’ असे म्हणणे फारच सौम्य होय.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचा रेंजर्स हा संघ १८७२ साली स्थापन झालेला, असंख्य अजिंक्यपदे मिळविलेला. २०११ च्या मे महिन्यात त्याची मालकी बदलली आणि त्यानंतर कापलेला प्राप्तिकर व मूल्यवर्धित कर सरकारात जाईनासा झाला. ही थकबाकी सुमारे ९० लक्ष पौंडांवर गेली. १४ फेब्रुवारी २०१२ रोजी क्लबचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. जूनमध्ये महसूल खात्याने तडजोडीचा प्रस्ताव नाकारला आणि जुनी कंपनी मोडीत निघाली. नव्या कंपनीच्या नावाने संघाला चौथ्या श्रेणीतून पुन्हा आरंभ करावा लागला. याखेरीज २००१ ते २०१० या काळात खेळाडूंना न्यासामार्फत कर्जाच्या रूपाने दिलेल्या पैशाचा निराळा खटला चाललाच होता. त्यात खालच्या न्यायाधिकरणांनी क्लबच्या बाजूने कौल दिला होता, परंतु २०१७ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने तो पैसा करपात्र वेतनच होय असा निर्णय दिला.

या काळात लोकांची मते कशी फिरली हे पाहणे मोठे उद्बोधक आहे. रेंजर्सच्या पाठीराख्यांना महसूल खाते निर्दय वाटले. प्रतिस्पर्धी संघांच्या चाहत्यांच्या अंगी मात्र एकाएकी सरकारी तिजोरीविषयी असा काही कळवळा संचारला की, ही मंडळी एरवीही हसतमुखाने कर भरीत असतील असे एखाद्या परक्याला वाटावे! तरीही पाठीराख्यांच्या निष्ठेची थट्टा करण्याचे कारण नाही. १८ ऑगस्ट २०१२ रोजी चौथ्या श्रेणीतील पहिल्या घरच्या सामन्याला ४९ हजारांहून अधिक लोक आले. कर बुडविणारे ते नव्हते. त्यांनी आपली तिकिटे रोख पैसे देऊन घेतली होती.

याहून बोचक उदाहरण पोर्टस्मथचे आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हे नाविक बंदर. (कर्जापायी ज्याच्या वडिलांना तुरुंगवास घडला तो चार्ल्स डिकन्स याच गावी जन्मला, हा एक योगायोग.) येथील संघाने २००८ साली एफ. ए. चषक जिंकला. परंतु तो जिंकताना जे खेळाडू बाळगले त्यांचे वेतन क्लबच्या ऐपतीबाहेरचे होते. २०१० च्या फेब्रुवारीत प्रशासक नेमण्याची पाळी आली तेव्हा देणे सुमारे १२ कोटी पौंडांच्या घरात होते. सामान्य धनकोंना पौंडामागे २० पेन्स देऊ, अशी तडजोड पुढे आली. या धनकोंत महसूल खाते होते, गावातील लहान व्यापारी होते, आणि मैदानावर प्रथमोपचार करणारी सेंट जॉन अँब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती.

आता गंमत पाहा. त्याच वेळी खेळाडूंचे थकलेले वेतन आणि इतर क्लबांचे देणे मात्र पुरेपूर चुकते करावयाचे होते. इंग्लिश फुटबॉलचा तसा नियमच आहे: क्लबने ‘फुटबॉलमधील धनकोंचे’ पैसे पूर्ण न दिल्यास त्याला स्पर्धेत राहता येत नाही. एका क्लबने दुसऱ्याला बुडविले तर स्पर्धाच कोलमडेल, हा त्यामागील युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु लक्षाधीश खेळाडूला सोळा आणे आणि जखमीच्या पायाला पट्टी बांधणाऱ्याला पौंडामागे चार शिलिंग, हा न्याय कोणाच्या गळी उतरेल? महसूल खात्याने या नियमाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. २०१२ साली ते हरले. पुढे १ डिसेंबर २०२० पासून कायद्यात पालट होऊन, कंपनी बुडाल्यास ग्राहकांकडून व नोकरांकडून गोळा केलेल्या करांच्या वसुलीत सरकारला सामान्य धनकोंच्या वरचे स्थान मिळाले. सरकारची बाजू त्यामुळे बळकट झाली. गावातल्या लहान धनकोची रांग मात्र एका पायरीने मागेच सरकली.

येथवर क्लबने सरकारचे बुडविल्याच्या गोष्टी झाल्या. सरकारी पैसा क्लबच्या कामी येण्याची गोष्ट याच्या उलट. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी पूर्व लंडनमध्ये सार्वजनिक पैशातून भव्य क्रीडागार उभारले गेले. खेळ संपल्यावर ते रिकामे पडू नये म्हणून वेस्ट हॅम युनायटेड या संघाला ९९ वर्षांच्या कराराने तेथे जागा दिली आणि २०१६ साली संघ तेथे आला. क्रीडागार फुटबॉलयोग्य करण्याचा खर्च ३२ कोटी ३० लक्ष पौंड झाला. त्यात क्लबचा वाटा दीड कोटींचा, आणि आरंभीचे वार्षिक भाडे सुमारे २५ लक्ष. लंडनच्या गरीब भागांत मोडणाऱ्या न्यूहॅमच्या नगर परिषदेने या प्रकल्पात ४ कोटी पौंड घातले, ते बुडाले. वेस्ट हॅमच्या चाहत्याला विचारा, तो म्हणेल की पडून राहण्यापेक्षा हे बरे. शिवाय १९०४ पासूनचे आपले जुने मैदान सोडावे लागल्याचे दुःख त्याला आहेच. इतर संघांचा चाहता म्हणेल, आमच्या करांतून यांचे घर सजले. माझ्या मते हिशेबाच्या दृष्टीने दुसऱ्याचे म्हणणे अधिक खरे आहे. आपल्याकडे मडगावच्या फातोर्डा येथील क्रीडागारही सार्वजनिकच आहे. गोव्यातील वाचकांनी अशा वास्तूंच्या देखभालीचा आकडा अंदाजपत्रकात शोधून पाहावा. सामन्याच्या निकालाइतका तो चुरशीचा नसेल, पण वाचण्याजोगा खास असतो.

पुन्हा पोर्टस्मथकडे वळू. २०१२ साली तो क्लब दुसऱ्यांदा प्रशासकाकडे गेला. तेव्हा पाठीराख्यांनी स्वतःचा न्यास पुढे आणला, एकेका हिश्श्याला १,००० पौंड याप्रमाणे भांडवल जमविले आणि १९ एप्रिल २०१३ रोजी क्लब विकत घेतला. पैसा थोडा कमी पडत होता. तो भरून काढण्यासाठी पोर्टस्मथच्या नगर परिषदेने १४ लक्ष ५० हजार पौंडांचे कर्ज देण्याचे ठरविले. म्हणजे जे नागरिक फुटबॉलकडे ढुंकूनही पाहत नाहीत त्यांचाही पैसा त्यात आला. यावर गावात दोन मते असणे साहजिक होते. हे अनुदान नसून परत मागता येण्याजोगे कर्ज होते आणि ते उघडपणे मंजूर झाले होते, म्हणून मला ते न्यूहॅमच्या गुंतवणुकीहून निराळे वाटते. पण ज्याच्या गल्लीतला दिवा त्या वर्षी बंदच राहिला असेल, त्याला तसे वाटेलच असे नाही. २०१४ साली क्लबने आपण जुन्या देण्यांतून मुक्त झाल्याचे जाहीर केले. मालक झालेल्या त्या पाठीराख्यांना आता कापलेला कर दरमहा वेळेवर भरण्याचे काम स्वतःच पाहावे लागत होते.