पापणी लवण्याच्या आत

धावडा नावाचे एक झाड आपल्या डोंगराळ भागात आढळते. त्याचे लाकूड कठीण आणि चिवट असते. त्यामुळे कुऱ्हाडीचा दांडा किंवा बैलगाडीचा आस अशा, ठोके आणि हिसके सोसणाऱ्या वस्तूंसाठी सुतार ते पसंत करीत. याच नावाचे एक गाव जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगरांजवळ आहे. अशा गावांतील सुताराची हत्यारे म्हणजे वाकस, करवत, पटाशी, रंधा आणि भोक पाडायचा सामता. ही सारी हाताच्या जोरावर चालत. आता त्यांच्या जोडीला विजेवर चालणारी हत्यारे आली आहेत. दारे-खिडक्या करणाऱ्याकडे ग्राइंडर आणि वेल्डिंगचे यंत्र असते, सुताराकडे विजेची करवत असते, आणि घरच्या पडवीत एखादे ड्रिल मशीन सहज सापडते.

या बदलाने काम सोपे झाले, पण एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. हत्यार बदलले तरी ते चालवणाऱ्याचे शरीर तेच राहिले. पापणी, कान, नाकातील केस आणि हात मागे घेण्याची सवय हे निसर्गाने दिलेले आपले रक्षक. त्यांची ताकद हातहत्याराच्या वेगाला पुरते, यंत्राच्या वेगाला पुरत नाही. मध्ये राहिलेली तूट भरून काढणारी वस्तू म्हणजे संरक्षक साधन. ही तूट किती आहे, ते आपण शाळेतल्या गणिताने मोजू.

ठिणगीचा वेग

नेहमी वापरात असलेल्या लहान ग्राइंडरच्या चाकाचा व्यास १०० मिलिमीटर, म्हणजे ०.१ मीटर असतो. मोकळे फिरताना ते मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. चाकाच्या कडेवरील बिंदूचा वेग काढण्यासाठी परिघाला दर सेकंदाच्या फेऱ्यांनी गुणावे.

परिघ = ३.१४ × ०.१ = ०.३१४ मीटर
दर सेकंदाचे फेरे = ११,००० ÷ ६० = सुमारे १८३
कडेचा वेग = ०.३१४ × १८३ = सुमारे ५८ मीटर दर सेकंद

ताशी किलोमीटरमध्ये हा वेग दोनशेच्या पुढे जातो. चाकाच्या कडेवरून सुटणारा लोखंडाचा कण जवळपास याच वेगाने निघतो. अगदी बारीक कणांचा वेग हवेच्या विरोधामुळे लवकर कमी होतो, पण थोडे मोठे कण डोळ्यापर्यंत फारसे मंदावत नाहीत. वाकून काम करणाऱ्याचा डोळा चाकापासून ४५ सेंटिमीटरवर आहे असे धरा. ०.४५ ÷ ५८ म्हणजे सुमारे ०.००८ सेकंदात कण डोळ्यावर येतो.

धोका जाणवल्यापासून पापणी पूर्ण मिटायला सुमारे ०.१ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात तो कण ५.८ मीटर गेला असता. ‘पापणी लवते न लवते तोच’ असे आपण नेहमी म्हणतो. येथे ते शब्दशः खरे आहे, आणि शर्यत पापणीच हरते. ‘मी डोळे बारीक करून काम करतो, मला चष्मा लागत नाही’ असे सांगणारे कारागीर भेटतात. त्यांच्या कौशल्याबद्दल शंका नको, पण कौशल्याने पापणीचा वेग वाढत नाही.

आता ऊर्जेचा विचार करू. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हातकरवतीच्या दात्याचा वेग सेकंदाला सुमारे १ मीटर असतो. तेवढ्याच वस्तुमानाचा कण ग्राइंडरवरून सुटला, तर त्याची ऊर्जा ५८ चा वर्ग, म्हणजे ३,३०० पटींहून अधिक असते. करवतीचा भुसा डोळ्यात गेला तर पाण्याने धुऊन निघतो. ग्राइंडरचा कण मात्र पारपटलात, म्हणजे बुबुळासमोरील पारदर्शक पडद्यात, रुततो. लोखंडाचा कण तेथे राहिला तर तो गंजतो आणि त्याच्याभोवती गंजाचे कडे तयार होते.

येथे एक शंका येईल. ठिणगी हजार अंशांहून अधिक तापलेली असते, मग ती हातावर पडली तर मोठा चटका का बसत नाही? याचे उत्तर तापमान आणि उष्णता यांतील फरकात आहे. ०.२ मिलिमीटर व्यासाच्या लोखंडी कणाचे वस्तुमान इतके कमी असते की त्यातील उष्णता जेमतेम एक-दोन शतांश ज्यूल भरते. हाताच्या जाड कातडीला ती जाणवत नाही. म्हणूनच ठिणग्यांची भीती मोडते आणि माणूस निर्धास्त होतो. पण पारपटलाची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. हाताला क्षुल्लक वाटणारी ठिणगी डोळ्याला क्षुल्लक नसते.

चाकावर छापलेला आकडा

कापण्याच्या चाकावर त्याची कमाल फेऱ्यांची संख्या छापलेली असते. अशी बहुतेक चाके कडेचा वेग सेकंदाला ८० मीटर होईपर्यंत टिकतील अशी बनवलेली असतात. समजा, कोणी लहान ग्राइंडरचे संरक्षक कवच काढले आणि त्यावर १८० मिलिमीटर व्यासाचे मोठे चाक बसवले. यंत्राचे फेरे तेच राहिले, तर कडेचा वेग सुमारे १०४ मीटर होतो. चाकातील ताण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून तो मर्यादेच्या सुमारे १.७ पट होईल. अशा वेळी चाक फुटू शकते. फुटलेल्या चाकाचा ५ ग्रॅम वजनाचा तुकडा या वेगाने निघाला, तर त्याची ऊर्जा सुमारे २७ ज्यूल असते. अडीच किलोग्रॅमचा धोंडा एक मीटरहून अधिक उंचीवरून पडावा, तेवढी ही ऊर्जा तुकड्याच्या एका धारेत एकवटलेली असते.

यावरून एक क्रम लक्षात ठेवावा. पहिले रक्षण यंत्राच्या कवचाचे आणि दुसरे चष्म्याचे. चष्मा घातला म्हणून कवच काढता येत नाही.

न दिसणारे किरण

वेल्डिंगच्या ज्योतीत डोळे दिपवणारा प्रकाश असतोच, शिवाय अतिनील किरणही असतात. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्या क्षणी दुखतही नाहीत. पारपटलाच्या वरच्या थरातील पेशी ते शोषून घेतात आणि काही तासांनी त्या पेशी मरू लागतात. दुपारी वेल्डिंग पाहत उभ्या राहिलेल्या मुलाचे डोळे रात्री चुरचुरू लागतात, डोळ्यात वाळू गेल्यासारखे वाटते आणि पाणी थांबत नाही. कारण आणि परिणाम यांत इतके तासांचे अंतर पडल्याने दोष कशाचा, हे पुष्कळदा समजतच नाही.

वेल्डिंगच्या काचांना गडदपणाचे क्रमांक असतात. नेहमीच्या कामाला १० किंवा ११ क्रमांकाची काच वापरतात. बाजारातील रंगीत गॉगल तिची जागा घेऊ शकत नाही. बघ्यांनी तर दूर राहावे आणि ज्योतीकडे पाठ करावी.

कान आणि श्वास

ग्राइंडरचा आवाज सुमारे १०० डेसिबल भरतो. डेसिबलची मोजणी साधी नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते आणि ३ डेसिबल वाढले की दुप्पट. ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास काम चालते असे मानले, तर प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी करावी लागते. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे! कानातील कर्णावर्तात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. त्या एकदा नष्ट झाल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा तयार होत नाहीत. कानात कापसाचा बोळा घालून फारसे भागत नाही. त्यासाठी रबराचे किंवा फोमचे खास बोळे मिळतात.

धुळीचेही असेच आहे. फरशी किंवा ग्रॅनाइट कापताना उडणारा, डोळ्यांना दिसणारा धुरळा काही सेकंदांत खाली बसतो आणि आपल्याला वाटते की हवा स्वच्छ झाली. स्टोक्सच्या नियमाने हिशेब केला, तर एक मायक्रॉन व्यासाचा दगडी कण स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम ०.०८ मिलिमीटर खाली येतो. नाकाच्या उंचीवरून जमिनीवर पोचायला त्याला पाच तासांहून अधिक वेळ लागतो. नाकातील केस मोठे कण अडवतात, पण असे सूक्ष्म कण थेट फुप्फुसातील वायुकोशांत जातात. त्यात सिलिका असेल आणि असे श्वास वर्षानुवर्षे घेतले गेले, तर सिलिकोसिस होतो. या रोगात फुप्फुसे कडक होतात आणि ती पूर्ववत करणारे औषध नाही. तोंडावर बांधलेला रुमाल किंवा उपरणे या कणांना अडवू शकत नाही, कारण विणीतील भोके कणांहून कितीतरी मोठी असतात. येथे एन-९५ सारखा गाळणी मुखवटा लागतो, आणि तो चेहऱ्याला सर्व बाजूंनी घट्ट बसला पाहिजे. कापताना पाणी सोडले तर धूळ मुळातच कमी उडते.

हातमोजा कधी घालू नये?

आतापर्यंतच्या विवेचनावरून, जितके अधिक अंगावर घालावे तितके बरे, असे वाटेल. ते खरे नाही. वेल्डिंग करताना चामड्याचे हातमोजे हवेतच, पण ड्रिल किंवा लेथवर काम करताना हातमोजा हाच धोका ठरतो.

ड्रिलचा दांडा २० मिलिमीटर जाड असून मिनिटाला ६०० फेरे घेतो असे धरा. तो सेकंदाला सुमारे ६३ सेंटिमीटर कापड गुंडाळू शकतो. काही बिघडले हे ध्यानात येऊन हात मागे घ्यायला पाव सेकंद लागला, तरी तोवर १६ सेंटिमीटर कापड आत गेलेले असते. मग ते सुटत का नाही? शेतकरी बैलाचे दावे खुंट्याला दोन-तीन वेढे देऊन दुसरे टोक नुसते हातात धरतो आणि बैल अडून राहतो. दर वेढ्यागणिक घर्षणाची पकड गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.३ धरला तर तीन वेढ्यांत ती सुमारे २८५ पट होते. ड्रिलमध्ये हेच घडते, फक्त येथे बैलाच्या जागी माणसाचा हात असतो. म्हणून फिरत्या दांड्यापाशी मोजे, सैल बाह्या, ओढणी, पदर, उपरणे आणि मोकळे केस नकोत.

याच कारणाने मळणी यंत्रांवर कित्येकांचे हात गेले. तेव्हा संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला आणि त्यात शक्तिचलित मळणी यंत्राचा नावानिशी उल्लेख केला. कारखान्यांसाठी तर १९४८ च्या कारखाने अधिनियमातच डोळ्यांच्या संरक्षणाचे स्वतंत्र कलम होते. पण घरच्या पडवीत निरीक्षक येत नाही. तेथे नियम पाळणारा आणि पाळायला लावणारा एकच, तो म्हणजे स्वतः काम करणारा.

शाळांचे काम येथे महत्त्वाचे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता विज्ञान शिकावे, हा त्यामागचा विचार. तेथून पुढे आलेल्या अभ्यासक्रमामुळे ग्रामीण शाळांतील मुलेमुली वेल्डिंग, सुतारकाम यांसारखी कामे शिकू लागली. शाळेत चष्मा लावल्याशिवाय यंत्राचे बटण दाबायचे नाही, ही सवय लागली, तर ती विद्यार्थ्याबरोबर घरीही जाते.

कोणत्या कामाला काय?

ग्राइंडर : बाजूंनीही झाकणारा, न फुटणाऱ्या प्लास्टिकचा (पॉलिकार्बोनेटचा) चष्मा. त्यावर आय. एस. ५९८३ या भारतीय मानकाची खूण पाहावी. चाक फुटण्याचा धोका असल्याने चेहऱ्यासमोर पूर्ण ढालही असावी. कानात बोळे, पायात बंद बूट, अंगात सुती कपडे. पॉलिस्टरचे कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटते.

वेल्डिंग : गडद काचेची ढाल, चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा.

ड्रिल आणि लेथ : चष्मा आणि अंगाबरोबर बसणारे कपडे. हातमोजे नकोत.

फरशी कापणे : चष्मा, गाळणी मुखवटा, कानाचे बोळे.

डोळ्यात कण गेलाच, तर डोळा चोळू नये आणि रुमालाच्या टोकाने कण काढू नये. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. तरी सल राहिली, तर नेत्रतज्ज्ञाकडे जावे. कण वेगाने येऊन डोळ्यात घुसला असेल असे वाटले, तर डोळ्यावर दाब न देता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

करून पाहा

१. मित्राला फूटपट्टी उभी धरून अचानक सोडायला सांगा आणि ती चिमटीत पकडा. पट्टी जितके सेंटिमीटर घसरली, त्या आकड्याला ४९० ने भागून वर्गमूळ काढा. तो तुमचा प्रतिसादाचा वेळ, सेकंदांत. तेवढ्या वेळात ग्राइंडरचे चाक किती फेरे घेईल?

२. अंधाऱ्या खोलीतील कवडशात सतरंजी झटका. कवडसा पुन्हा निर्मळ दिसायला किती मिनिटे लागतात, ते मोजा.

३. तुमच्या गावातील एखाद्या ग्राइंडरच्या चाकावरील आकडे यंत्र बंद असताना वाचा. व्यास आणि फेरे यांवरून कडेचा वेग काढा आणि तो हिशेब त्या कारागिराला समजावून सांगा.