चार ओहम, आठ ओहम आणि एकच अ‍ॅम्प

होम थिएटरचा सगळा संच एकदम विकत घेणारे थोडे. बहुतेकांकडे तो साठत जातो. जुने फ्रंट स्पीकर असतातच, भाच्याने अमेरिकेहून येताना सेंटर आणलेला असतो, सराऊंडची जोडी लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत स्वस्तात मिळालेली असते. मग कधीतरी पाठीवरची पट्टी वाचली जाते. एकावर ८ ओहम, दुसऱ्यावर ६, तिसऱ्यावर ४. ‘चालेल का रे?’ असं विचारणारे फोन मला इतके येतात की एकदा लिहूनच ठेवावं म्हटलं.

१. वेगवेगळ्या चॅनेलवर वेगवेगळे ओहम असले तर घाबरण्यासारखं काही नाही. रिसीव्हरमध्ये प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर असतो. डाव्या फ्रंटला सराऊंडच्या टर्मिनलवर काय लावलंय याचा पत्ताही नसतो. पाहायचं ते एवढंच, की कुठलाही स्पीकर मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमान आकड्याच्या खाली जात नाही ना. ट्रान्सफॉर्मर मात्र सगळ्या चॅनेलना मिळून एकच असतो. त्यामुळे एखादा ४ ओहमचा सेंटर बहुतेक रिसीव्हर निभावून नेतात, पण पाचही स्पीकर ४ ओहमचे लावून आवाज चढवला की साधा रिसीव्हर तापतो.

२. पट्टीवरचा आकडा ढोबळ असतो. स्पीकरचा इम्पीडन्स सुरागणिक बदलतो. ८ ओहमचा म्हणवणारा स्पीकर खर्जात एका ठिकाणी २५-३० ओहमपर्यंत चढतो आणि दुसरीकडे ६ च्या आसपास उतरतो. आंतरराष्ट्रीय मानक म्हणतं, किमान इम्पीडन्स लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे ८ चा ६.४ आणि ४ चा ३.२. सगळेच उत्पादक हे पाळतात असं नाही. मल्टिमीटर लावला तर ८ ओहमचा स्पीकर सहा-सात दाखवतो आणि ४ चा तीन-साडेतीन. ‘दुकानदाराने फसवलं’ म्हणून लगेच भांडायला जाऊ नका. मीटर फक्त डीसी रोध मोजतो आणि तो कमीच यायचा. पट्टी निघून गेलेला जुना स्पीकर ओळखायला मात्र ही युक्ती उत्तम.

३. खरा धोका एकाच टर्मिनलवर दोन स्पीकर लावण्यात आहे. हॉलमध्ये गाणी लागतात, मग ती स्वयंपाकघरातही हवीत आणि बाल्कनीतही. वायरमन सरळ त्याच टर्मिनलवरून दुसरी जोडी काढून देतो. ही समांतर जोडणी झाली. ८ आणि ८ मिळून ४ ओहम, ८ आणि ४ मिळून २.६७, ४ आणि ४ मिळून २. अ‍ॅम्पने २० व्होल्ट दिले तर ८ ओहमच्या स्पीकरमधून अडीच अँपिअर जातात आणि ५० वॅट होतात. तेच २० व्होल्ट ४ ओहमवर ५ अँपिअर, १०० वॅट. ‘दुप्पट वॅट, मग फायदाच की!’ असं म्हणणारा एक तरी भेटतोच. पण तो जादा करंट अ‍ॅम्पच्या ट्रान्झिस्टरमधून जातो आणि उष्णताही तिथेच साठते. आमच्या नात्यातल्या एका वास्तुशांतीला अ‍ॅम्प दर अर्ध्या तासाने ‘टक’ करून गप्प बसायचा. सगळ्यांनी विजेला नावं ठेवली. बाल्कनीतली जोडी काढल्यावर तो रात्रीपर्यंत वाजला.

ए आणि बी अशी दोन जोड्यांची सोय असलेल्या अ‍ॅम्पवर दोन्ही बटणं दाबली की बहुतेक वेळा हेच समांतर प्रकरण होतं. म्हणून मॅन्युअलमध्ये ‘ए+बी’साठी वेगळा, जास्त ओहमचा आकडा दिलेला असतो. तो वाचा.

४. एकसर जोडणीत अ‍ॅम्प सुरक्षित राहतो, पण दोन्ही स्पीकर हुबेहूब एकाच मॉडेलचे असतील तरच तिच्या वाटेला जा. ८ आणि ४ एकसर जोडले तर ८ चा दुप्पट वॅट घेतो, समांतर जोडले तर ४ चा. त्यात इम्पीडन्स सुरागणिक हलतो, म्हणजे ही वाटणीही सुरागणिक हलते. आवाज चमत्कारिक येतो.

५. आवाज लहानमोठा वाटला तर टेस्ट टोन लावून लेव्हल जुळवा. कॅटलॉगमधल्या डेसिबलच्या आकड्यावर जाऊ नका. तो बऱ्याचदा २.८३ व्होल्टवर मोजलेला असतो. ८ ओहमला तो १ वॅट, ४ ओहमला २. म्हणजे ४ चा स्पीकर दुप्पट वॅट खाऊन तीन डेसिबल जास्त दाखवतो. कानाला ओहम ऐकू येत नाहीत. डावा, मधला आणि उजवा यांची जात वेगळी असेल तर ते मात्र लगेच कळतं. पडद्यावरची गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच इंजिन बदलल्यासारखी वाटते. माझ्या मते पैसे खर्चायचे तर या तिघांचा मेळ घालण्यावर खर्चावेत.

६. खर्ज सबवूफरवर सोपवा. सेटिंगमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झवर तोडलं की सर्वांत जास्त करंट मागणारा भाग रिसीव्हरच्या डोक्यावरून उतरतो. पॉवर्ड सबवूफरला स्वतःचा अ‍ॅम्प असतो, त्यामुळे तिथे ओहमचा हिशोबच नाही.

७. काही रिसीव्हरवर ४, ६ किंवा ८ ओहम निवडायची सोय असते. कमी आकडा निवडला की बहुतेक यंत्रं आतला व्होल्टेज उतरवतात. उष्णता घटते, पण ताकदही घटते आणि आवाज लवकर फाटतो. ४ चा सेंटर असूनही मी ८ वरच ठेवतो, कारण आमच्याकडे आवाज माफक असतो. रोज दणदणाट करणाऱ्यांनी मॅन्युअल सांगेल तसंच करावं.

८. रिसीव्हरवर क्रोशाचा रुमाल नको, सेट टॉप बॉक्स नको, काचेचं बंद कपाट तर नकोच.

९. मंडळाचे कर्णे घरच्या अ‍ॅम्पला लावायचा उत्साह आवरा. ते बहुधा १०० व्होल्ट लाइनचे असतात. १० वॅटच्या कर्ण्याचा इम्पीडन्स तिथे १,००० ओहम होतो. अ‍ॅम्पला काही होत नाही, पण आवाज डासाच्या गुणगुणीएवढा येतो.

१०. वायर लांब असेल तर जाड घ्या. दहा मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन वीस मीटर तांबं लागतं. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्याचा रोध सुमारे ०.३४ ओहम होतो, अडीचच्या वायरीत ०.१४. ४ ओहमच्या स्पीकरला हा फरक जाणवण्याजोगा आहे. आणि वायरी जोडताना रिमोटने बंद केलेल्या रिसीव्हरवर विसंबू नका, प्लग भिंतीतून काढा. उघड्या तारेचा एक केस शेजारच्या टर्मिनलला टेकला की सरळ शॉर्ट होतो, आणि शॉर्टपुढे चार काय, आठ काय, कुठलाच ओहम उरत नाही.