रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे

या अहवालाच्या मागील पानांवर रुग्णालयातील शस्त्रक्रिया, नवी यंत्रसामग्री आणि आपण दिलेल्या देणग्यांचा विनियोग यांचा तपशील आला आहे. येथे आम्ही अशा एका उपचाराविषयी लिहीत आहोत, जो रुग्णालयात सुरू होऊन भागत नाही. तो घरात, दुकानात, बसथांब्यावर, जो जवळ असेल त्याच्याच हातून सुरू व्हावा लागतो.

हृदयविकाराचा झटका येणे आणि हृदयक्रिया अचानक बंद पडणे या दोन गोष्टी एक नव्हेत. झटक्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो. छातीत दुखते, घाम फुटतो. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. हृदयक्रिया बंद पडली की मात्र माणूस काही क्षणांत कोसळतो. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर साधारण ४ ते ६ मिनिटांत त्याला कायमची इजा होऊ लागते. रहदारीतून वाट काढून, जिने चढून रुग्णवाहिकेने एवढ्या अवधीत पोहोचणे क्वचितच साधते. म्हणून ही मिनिटे डॉक्टरांची नाहीत, शेजारी उभ्या असलेल्या माणसाची आहेत.

या मिनिटांत काय करता येते, हे वैद्यकशास्त्राला काहीशा योगायोगाने उमगले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे विद्युत अभियंते विल्यम कौवेनहोवेन आणि त्यांचे सहकारी विजेच्या झटक्याने हृदय पूर्ववत करण्याचे प्रयोग करीत होते. यंत्राचे जड पत्रे प्राण्याच्या छातीवर दाबताच रक्तदाब वाढतो, असे गाय निकरबॉकर यांच्या ध्यानात आले. त्यातून छाती न उघडता हृदय चालू ठेवण्याची पद्धत निघाली. शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड यांच्यासह त्यांनी ती १९६० साली प्रसिद्ध केली. छातीवरील दाब आणि डिफिब्रिलेटर हे असे एकाच घरचे दोन उपाय आहेत.

काय करावे

कोसळलेल्या व्यक्तीचे खांदे थोपटून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नसेल आणि श्वास नसेल, किंवा अधूनमधून आचके दिल्यासारखा असेल, तर हृदयक्रिया बंद पडली आहे असेच समजावे. नाडी शोधण्यात वेळ दवडू नये. पाणी पाजणे, कांदा हुंगवणे, तळपाय चोळणे हेही करू नये. एकाने १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा, दुसऱ्याने रुग्णवाहिकेला वाट दाखविण्यासाठी फाटकाशी उभे राहावे. आपण एकटेच असू, तर मोबाइलचा स्पीकर सुरू ठेवून कामास लागावे.

रुग्णाला गादीवर न ठेवता जमिनीवर उताणे निजवावे. छातीच्या मध्यावर एका तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात ठेवावा आणि कोपरे न वाकविता शरीराच्या भाराने दाब द्यावा. प्रौढ व्यक्तीची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जावी. प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यावी. गती मिनिटाला १०० ते १२० असावी. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, कारण दमलेल्या हातांचा दाब उथळ होतो. तोंडाने श्वास देण्याचे शिक्षण नसेल तर केवळ दाब देत राहावे. लहान मुले आणि बुडालेल्या व्यक्ती यांना मात्र श्वासही द्यावा लागतो. त्यासाठी प्रशिक्षण अवश्य घ्यावे.

पुष्कळ वेळा बंद पडलेले हृदय प्रारंभी निश्चल नसते, नुसते थरथरत असते. ही थरथर विजेच्या झटक्यानेच थांबते. दाबही नाही आणि झटकाही नाही, अशा स्थितीत वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. विमानतळ, काही कार्यालये व मॉल येथे स्वयंचलित डिफिब्रिलेटर ठेवलेले असतात. यंत्र सुरू करताच ते बोलून सूचना देते. छाती उघडी व कोरडी करून एक पट्टी उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेच्या खाली लावावी. मंगळसूत्र वा साखळी बाजूला सारावी. यंत्र हृदयाची लय स्वतः तपासते आणि गरज नसेल तर झटका देत नाही. झटक्याच्या वेळी रुग्णाला कोणीही स्पर्श करू नये. त्यानंतर लगेच पुन्हा दाब सुरू करावा.

संकोच आणि भीती

बरगडी मोडेल का, ही शंका आम्हांला नेहमी विचारली जाते. मोडू शकते, पण मोडलेली बरगडी जुळते, थांबलेले हृदय वाट पाहत नाही. स्त्री रुग्णाच्या छातीला हात कसा लावावा, या संकोचातही मोलाची मिनिटे जातात. तेथे भिडेपेक्षा जीव मोठा मानावा. सारे यथायोग्य करूनही प्रत्येक रुग्ण वाचतोच असे नाही, हेही आम्ही नातेवाइकांना आवर्जून सांगतो. ज्यांनी प्रयत्न केला, त्यांनी स्वतःस दोष लावून घेऊ नये.

अशी घटना बहुतेक वेळा घरातच घडते. म्हणून हृदयरुग्ण असलेल्या प्रत्येक घरातील निदान दोघांनी हे कौशल्य पुतळ्यावर प्रत्यक्ष दाब देऊन शिकावे, ही आमची कळकळीची विनंती आहे. वाचून पद्धत कळते, हाताला दाबाचा अंदाज सरावानेच येतो. जे दाते आपल्या कारखान्यासाठी, शाळेसाठी वा सोसायटीसाठी डिफिब्रिलेटर घेऊ इच्छितात, त्यांनी ते कुलपात ठेवू नये, बॅटरी व पट्ट्यांची मुदत पाहत जावी आणि यंत्राबरोबर माणसेही तयार करावीत. आपल्या देणगीतून उभा राहिलेला अतिदक्षता विभाग रुग्णाची वाट पाहत सज्ज असतो. रुग्ण तेथवर जिवंत पोहोचणे मात्र आपल्या हाती आहे.