वादळानंतर बंदर मोकळे करताना : दिघी व राजपुरी खाडीच्या निमित्ताने

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, श्रीवर्धन तालुक्यात, राजपुरी खाडीच्या काठी दिघी हे बंदर वसले आहे. खाडीच्या पलीकडे मुरुड तालुक्यातील आगरदांडा आणि मुखाशी जंजिऱ्याचा जलदुर्ग अशी या परिसराची ओळख आहे. एकीकडे मोठी मालवाहू जहाजे लागणारे आधुनिक धक्के, दुसरीकडे प्रवासी लाँच आणि वाहने नेणारी फेरीबोट, तर खाडीच्या आत कोळी बांधवांच्या होड्या व मचवे, असा तिहेरी व्यवहार येथे एकाच पाण्यावर चालतो. त्यामुळे या पाण्यातील वाट अडली तर तिचा परिणाम केवळ व्यापारावर होत नाही. दोन तालुक्यांचे दळणवळण आणि शेकडो कुटुंबांची उपजीविका तिच्यावर अवलंबून असते.

दि. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ दुपारच्या सुमारास श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातूनच किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, तर झोतांचा वेग १२० किलोमीटरपर्यंत होता. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, झाडे पडून रस्ते बंद झाले आणि दूरध्वनी यंत्रणा मुकी झाली. रस्ते बंद असताना आपद्‍ग्रस्त गावांपर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग समुद्राचा. तो खुला आहे किंवा नाही, हे मात्र काठावरून पाहून कळत नाही. पृष्ठभाग शांत दिसत असला तरी खाली बुडालेली नौका, तुटलेली साखळी, वाहून आलेले झाड अथवा सरकलेली वाळू असू शकते. म्हणूनच वादळानंतर बंदर मोकळे करणे हे आपत्ती-निवारणातील एक स्वतंत्र शास्त्र मानले जाते.

प्रथम शोध, मग सफाई

या कामाचा पहिला टप्पा पाहणीचा. बंदराचा जुना नकाशा वादळानंतर पूर्णपणे विश्वासार्ह राहत नाही. लहान सर्वेक्षण नौका ध्वनिलहरी सोडून तळाची खोली मोजतात. बाजूंना ध्वनिलहरी सोडणाऱ्या सोनार यंत्राने तळावर पडलेल्या वस्तूंची आकृतीच कागदावर उमटते. जेथे संशय येतो तेथे पाणबुडे उतरून हाताने चाचपणी करतात. पावसाळ्यात खाडीचे पाणी गढूळ असल्याने पाणबुड्याला वीतभर अंतरावरचेही दिसत नाही, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या कामाची जोखीम कळते.

सापडलेल्या प्रत्येक अडथळ्यावर बोया बांधून खूण केली जाते. सारे बंदर एकदम स्वच्छ करण्याचा आग्रह धरला जात नाही. प्रथम एक अरुंद पण निर्धोक वाट आणि एक वापरण्याजोगा धक्का खुला करावयाचा, मदतीची जहाजे आत घ्यावयाची आणि मगच उरलेले काम हाती घ्यावयाचे, असा क्रम असतो.

या क्रमाचे महत्त्व दोन मोठ्या आपत्तींत दिसून आले. दि. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर भारतीय नौदलाची सर्वेक्षण जहाजे व पाणबुडे श्रीलंकेस धाडण्यात आले. गॉल बंदराची खोली पुन्हा मोजून व अडथळे दूर करून त्यांनी मदतीच्या जहाजांना वाट करून दिली. दि. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा उत्तरेकडील धक्का कोसळला. लक्षावधी लोक अन्नपाण्याची वाट पाहत असताना जहाजांना माल उतरविण्यास जागा उरली नव्हती. अमेरिकेच्या नौदलाचे 'ग्रास्प' हे जहाज व लष्करी पाणबुडे यांनी दक्षिणेकडील धक्क्याच्या खांबांची पाण्याखाली दुरुस्ती करण्याचे काम केले.

बुडालेली नौका वर येते कशी?

समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे १,०२५ किलो असते. पाण्याखाली एक घनमीटर हवा कोंडली की तिला जवळपास एक टन वजन उचलण्याचे बळ प्राप्त होते. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या आर्किमिडीजच्या तत्त्वावरच हे सारे काम उभे आहे. नौकेच्या दोन्ही अंगांना रिकाम्या पिशव्या बांधून त्यांत हवा भरतात. नौकेचे पाण्याखालील वजन दहा टन असेल तर दहा घनमीटर हवा हा केवळ हिशेबाचा प्रारंभ होय. गाळाची पकड सोडविण्यास अधिक बळ लागते. ती पकड एकाएकी सुटली तर नौका वेगाने उसळून अपघात होतो, म्हणून आधी पाण्याच्या झोताने बुडाखालचा गाळ मोकळा करतात.

दुसरी पद्धत भोके बुजवून पंपाने पाणी उपसण्याची. तिसरी क्रेनने उचलण्याची. जहाज मोडकळीस आले असेल तर त्याचे तुकडे करून ते बाहेर काढावे लागते. तत्पूर्वी टाक्यांतील तेल काढून घेणे अत्यावश्यक असते, कारण गळती झाल्यास खाडीतील मासे, कालवे व तिवरांचे वन यांची हानी दीर्घकाळ भरून येत नाही.

कोकणातील खाड्यांना आणखी एक सहाय्यक लाभला आहे, तो म्हणजे भरती. उधाणाच्या दिवसांत येथे भरती-ओहोटीच्या पातळीत काही मीटरचा फरक पडतो. ओहोटीच्या वेळी बुडालेली नौका दोन तरत्या तराफ्यांमध्ये जाड दोरांनी ताणून बांधली, तर भरतीचे पाणी तराफ्यांसह तिलाही उचलते. मग ती काठाकडे ओढून उथळ जागी टेकवावयाची आणि पुढील ओहोटीला पुन्हा दोर आवळावयाचे. काठावर रुतलेले जहाज सोडविण्यासाठीही उधाणाची तिथी गाठावी लागते. भांगाच्या दिवसांत केलेले श्रम बहुधा वाया जातात. कोळी समाजातील अनुभवी तांडेलांचे पाण्याच्या ओढीविषयीचे ज्ञान अशा वेळी तंत्रज्ञांना मोलाचे ठरते.

विलंबाचे मोल

'निसर्ग' वादळातच रत्नागिरीजवळ मिऱ्या येथे 'बसरा स्टार' हे तेलवाहू जहाज किनाऱ्यावर येऊन अडकले. त्यावरील १३ जणांची सुटका झाली, परंतु जहाज तेथून हलले नाही. लगेच पावसाळा सुरू झाला, लाटांच्या माऱ्याने सांगाडा खिळखिळा होत गेला आणि ते अनेक वर्षे किनाऱ्यावर पडून राहिले. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्रात असे काम करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या वादळात पहिल्या काही दिवसांत घेतलेला निर्णय निर्णायक ठरतो.

त्यापुढील वर्षी, दि. १७ मे २०२१ रोजी, 'तौक्ते' वादळात मुंबईपासून दूर समुद्रात 'पी-३०५' हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. उसळत्या समुद्रातून नौदल व इतर जहाजांनी १८६ जणांना वाचविले. 'वरप्रदा' या टगवरील १३ पैकी केवळ दोघे हाती लागले. त्यानंतर 'आयएनएस मकर' या सर्वेक्षण जहाजाने सोनारच्या साहाय्याने समुद्रतळ धुंडाळला आणि पाणबुड्यांच्या तुकड्या बेपत्ता व्यक्तींच्या शोधासाठी पाठविण्यात आल्या. काही मृतदेह रायगडच्या किनाऱ्यावर वाहून आले. बुडालेल्या जहाजाचा शोध हा कित्येक घरांच्या दृष्टीने आपल्या माणसाचा शोध असतो, याची जाणीव या घटनेने करून दिली.

महिन्याभरातच, दि. १७ जून २०२१ रोजी, रेवदंड्याजवळ 'मंगलम' हे जहाज बुडू लागले. तेव्हा तटरक्षक दलाचे 'सुभद्राकुमारी चौहान' हे जहाज दिघी बंदरातून निघाले, दमणहून हेलिकॉप्टरे आली आणि सर्व १६ जण वाचले. दिघीचे पाणी मोकळे असणे शेजारच्या किनाऱ्यासाठीही किती आवश्यक आहे, हे यावरून स्पष्ट होते.

जबाबदारी कोणाची?

बुडालेले जहाज हटविण्याची मूळ जबाबदारी मालकाची, हे तत्त्व भारतीय कायद्यात जुने आहे. १९०८ च्या बंदर कायद्यातील कलम १४ अन्वये मार्गात अडथळा आणणारे जहाज हटविण्याची नोटीस मालकास देता येत असे. त्याने टाळाटाळ केल्यास बंदराच्या संरक्षकाने ते हटवून खर्च वसूल करावा, अशी तरतूद होती. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने सापडलेल्या भग्न मालाची खबर संबंधित अधिकाऱ्यास देणे बंधनकारक केले. हे दोन्ही जुने कायदे बदलण्यासाठी संसदेने २०२५ मध्ये नवे कायदे संमत केले. भग्न जहाजे हटविण्याविषयीच्या २००७ च्या नैरोबी करारातही भारत सहभागी असून ३०० टन व त्यावरील नोंदणीच्या जहाजांना अशा खर्चासाठी विमा उतरविणे त्यात आवश्यक ठरविले आहे.

लहान बंदरांचा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्ह्यातील समन्वय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरण करते. मासेमारी नौकांच्या नुकसानीची नोंद महसूल व मत्स्यव्यवसाय खात्यांमार्फत होते. नौदल व तटरक्षक दल मोठे साह्य करू शकतात, पण कोठे काय बुडाले आहे ही पहिली माहिती गावातूनच मिळावी लागते.

ग्रामपंचायती व शाळांचे कार्य

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीने गावातील नौकांची यादी करावी. नोंदणी क्रमांक, नांगरण्याची जागा व मालकाचा संपर्क एवढी माहिती त्यात पुरे. वादळानंतर त्याच यादीवरून कोणती नौका जागेवर नाही ते तासाभरात कळू शकते. बुडालेल्या नौकेची जागा काठावरील दोन ठळक खुणांच्या आधारे लिहून ठेवावी. तिचा पंचनामा होण्यापूर्वी ती ओढून तोडू नये, अन्यथा भरपाईच्या वेळी मालकाची अडचण होते.

किनाऱ्यावर वाहून आलेली पिंपे, टाक्या वा अनोळखी वस्तू कोणीही उघडू नयेत. पोलीस अथवा बंदर अधिकाऱ्यांना कळवावे. समुद्रात माणसे संकटात दिसल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. शिक्षकांनी तरण्याचे तत्त्व शिकविताना खाडीतील मचव्याचे उदाहरण घ्यावे आणि मुलांना भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवण्यास लावावे. ज्या गावाला आपल्या पाण्याचा तळ आणि आपल्या नौकांचा हिशेब ठाऊक आहे, त्या गावात वादळानंतरची पहिली मदत लवकर पोहोचते.