विहिरीतला चकाकणारा दगड

आपल्या कल्याण भागात काळा दगड कुठे नाही? मलंगगडाचा डोंगर त्याचाच. अंबरनाथचे जुने शिवमंदिर १०६० सालचे, तेही याच दगडाचे. विहीर खणायला घेतली की याच्याशीच गाठ.

एकदा विहिरीवर काम करणारा एक गडी माझ्याकडे आला. टॉवेलात दगड गुंडाळलेला. म्हणाला, "गुरुजी, हिरे लागले!" दगडात मुठीएवढी पोकळी होती. आत पांढरे, चकाकणारे खडे. बाजारात एकाने पारख करायची म्हणून त्याचे पाचशे रुपये घेतले होते. वर आणखी दोन हजार मागितले होते. हा बिचारा बायकोची पाटली गहाण टाकायला निघालेला.

मी चाकूचे टोक एका खड्यावर ओढले. ओरखडा उठला. पुसला, तरी रेघ राहिली. हिऱ्यावर चाकूची रेघ उठत नाही. पण हेही ध्यानात ठेवा. गारगोटीवरही ती उठत नाही. म्हणून चाकू चालला नाही, एवढ्यावरून हिरा समजू नये. आपल्या काळ्या दगडात हिरे सापडत नाहीत.

पाटली घरीच राहिली.

मग हे खडे आले कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून तापलेला रस वर आला. थरावर थर साचले. थिजताना त्यात वाफेचे बुडबुडे अडकले. अनारशाला जाळी पडते ना, तशी दगडाला पडली. पुढे पाणी झिरपत राहिले. त्यात विरघळलेले क्षार पोकळीत जमले. पाकात दोरा सोडला की त्यावर खडीसाखर धरते, तसेच हे खडे धरले. मात्र त्याला फार फार काळ लागला.

यांतल्या पुष्कळ खड्यांना झिओलाइट म्हणतात. म्हणजे उकळणारा दगड. स्वीडन देशातल्या क्रोनस्टेड नावाच्या विद्वानाने १७५६ साली हे नाव दिले. असा खडा तापवला की आतले पाणी वाफ होऊन निघते, आणि तो उकळल्यासारखा दिसतो.

कल्याणला आगगाडी आली १८५४ साली. पुढे बोरघाट फोडून १८६३ साली खंडाळ्याची वाट खुली झाली. बोगदे खणताना असे सुंदर खडे निघाले, की त्यांतले काही लंडनच्या संग्रहालयात गेले. आता इतक्या लांब जायला नको. नाशिक जिल्ह्यात सिन्नरला 'गारगोटी' नावाचे संग्रहालय आहे. तिथे असे खडे मांडलेले आहेत. फिकट गुलाबी स्टिल्बाइट आहे, काचेसारखा अपोफिलाइट आहे. मुलांना घेऊन जरूर पाहा.

एरवी हे खडे खडी फोडण्याच्या यंत्रात जातात. मला वाईट वाटते. तुम्हाला सापडला तर खड्यावर हातोडी मारू नका. भोवतालचा काळा दगड बेताने फोडा. डोळे जपा. खाणीत मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नका, आणि सुरुंगाच्या वेळी तर मुळीच नाही.

आणखी एक काम करा. खड्याबरोबर चिठ्ठी ठेवा. कुठे सापडला, हे ठाऊक नसेल तर अभ्यास करणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

त्या गड्याने नुकतीच अक्षरे गिरवली होती. त्याने माझ्यासमोर बसून लिहिले: "पांढरे खडे. काळ्या दगडात. विहीर, तीस फूट खोल. वैशाख महिना."

गावाचे नाव राहिले होते. मी विचारले तेव्हा तो हसला, आणि खाली तेही लिहिले.