चेहऱ्याचे क्युरिंग

सातव्या सेमला, कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दहा दिवस आधी मला चेहरा चमकवायची हुक्की आली. रूम पार्टनरकडे १० टक्के ग्लायकोलिक ॲसिडची बाटली होती. म्हणाला, "रोज लाव, बिनधास्त!" मी रोज रात्री साबणाने खसाखसा तोंड धुऊन लावत गेलो. सहाव्या दिवशी साध्या पाण्यानेही चुरचुरायला लागलं. इंटरव्ह्यूला लालबुंद, सालपटं निघालेलं तोंड घेऊन गेलो. सिलेक्शन झालं नाही. (सगळं खापर ॲसिडवर फोडत नाही, स्ट्रक्चर्सही कच्चंच होतं.)

मग लायब्ररीत बसलो आणि कळलं की हा तर आपल्या सिव्हिलचाच विषय! त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत. मृत पेशी या विटा आणि सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व फॅटी ॲसिड हा त्यांच्यामधला मसाला. पीटर इलायस या अमेरिकन त्वचातज्ज्ञाने १९८३ च्या सुमारास ही उपमा रूढ केली. ॲसिड काय करतं, तर वरच्या विटांमधली पकड सैल करतं. जुन्या विटा गळतात, त्वचा गुळगुळीत दिसते. पण रोज पकड सैल करत राहिलं, तर भिंतीतून आतलं पाणी उडतं आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. माझं नेमकं तेच झालं होतं. त्यात साबण अल्कलाइन आणि त्वचा स्वतः किंचित आम्लधर्मी, पीएच साधारण ५. म्हणजे दुहेरी मार.

आता गंमत बघा. बाटलीवरचे १० टक्के ही पूर्ण गोष्ट नव्हेच. ग्लायकोलिकचा पीकेए ३.८३. पीएच ३.८ असेल तर जवळपास निम्मं, म्हणजे ५ टक्के ॲसिड मोकळं असतं आणि जोरात काम करतं. पीएच ४.८ केला की जेमतेम १ टक्का उरतं. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतलं हे समीकरण पुन्हा कामी येईल असं वाटलं नव्हतं!

दुरुस्तीसाठी मी सगळं ॲसिड तीन आठवडे बंद ठेवलं. सौम्य फेसवॉश आणि वर सिरॅमाइडचं क्रीम. घेताना त्यात कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडही आहे ना, ते पाहिलं. नुसत्या सिमेंटने मसाला होत नाही. ओठांच्या कडेला फारच सोललं होतं, तिथे पेट्रोलियम जेली. साइटवर कॉलमला ओली गोणपाटं गुंडाळतात ना, तसं ती पाणी उडू देत नाही, बाकी काही नाही.

आता ॲसिड फक्त सोमवार आणि गुरुवार रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वर लगेच क्रीम. इतर रात्री नुसतं क्रीम. सकाळी सनस्क्रीन चुकवायचं नाही, कारण या ॲसिडने ऊन जास्त बाधतं. अमेरिकेच्या एफडीएने तर ॲसिड थांबवल्यावरही आठवडाभर काळजी घ्या, असं सांगितलंय. सर्व्हेइंगच्या कॅम्पला जाणाऱ्यांनी तेवढे दिवस बाटली रूमवरच ठेवावी. चुरचुर आठवडाभरात कमी झाली नाही, तर सरळ डॉक्टर गाठा, रूम पार्टनर नाही.

त्याच्या बाटलीवर मी मार्करने 'सोम, गुरु' लिहून ठेवलंय. पुसलेलं दिसलं की पुन्हा लिहितो.