बैठकीला कोणी जायचं?

शिरूर तालुक्यात मी जमिनीचे व्यवहार जुळवतो. मालकाकडून साठेखत करून घ्यायचं, मुदतीच्या आत पुढचं गिऱ्हाईक उभं करायचं, मधला फरक आपला. कामं वाढली तशी बोलणी भाच्यावर सोपवली. पोरगा हुशार, बोलायला गोड. तरी दोन वर्षांत जे शिकलो ते असं :

१. पहिली बैठक सोपवू नये. सव्वादोन एकरांचा तुकडा होता, सातबाऱ्यावर दोन भाऊ. भाच्याने ओट्यावर बसून एकरी छत्तीस लाखांवर सौदा ठरवला, दोन लाख इसार देऊन पावतीही केली. दोघा बहिणींची नावं ‘इतर हक्कात’ होती, तिकडे त्याने पाहिलंच नाही. वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा वाटा मुलाएवढाच, हे त्याला पाठ होतं. पण सही घ्यायची ती भावांची, एवढंच डोक्यात. दाराआडून म्हातारीने दोनदा विचारलं होतं, “पोरी कवा यायच्या?” भाच्याला वाटलं, दिवाळीचं बोलतेय. बहिणींनी सही नाकारली, पुण्याच्या गिऱ्हाइकाने दुसरीकडे जमीन घेतली, आणि आमचा इसार सात महिन्यांनी, तीन हप्त्यांत परत आला. मी तिथे असतो तर? कदाचित मीही चुकलो असतो. पण म्हातारीला उत्तर तरी दिलं असतं.

२. शेवटचा आकडा सोबत देऊ नये. “पस्तीसपर्यंत जा” म्हटलं की पोरगा तेहतीसने सुरू करतो आणि चहा संपेस्तोवर पस्तीसला टेकतो. आता त्याला एकतीस सांगतो. त्यापुढे “मामांना विचारून सांगतो” एवढंच म्हणायचं. समोरच्यालाही रात्रभर विचार करायला मिळतो. माझे वडील बैलांचे हेडी. चाकणच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव चालायचा, शेजारी उभ्या माणसालाही कळायचा नाही. आकडा ज्याच्या हातात, सौदा त्याचा.

३. सौद्याच्या रकमेवर टक्के देऊ नयेत. खरेदीत टक्का दिला की भाव जितका चढेल तितका त्याचा फायदा, मग तो मालकाशी कशाला भांडेल? मी आता पगार देतो, वर ठरावीक रक्कम. तीही इसार झाल्यावर नाही, खरेदीखत नोंदलं गेल्यावर.

४. भावकीत मात्र दुसऱ्यालाच पाठवावं. चुलतभावाशी घासाघीस करायची माझी छाती होत नाही. तिथे भाचा निर्लज्जपणे दोन लाख कमी सांगतो आणि पुढच्या लग्नाला मी बिनधास्त जेवायला जातो.

५. कागद सोपवू नयेत. सातबारा, फेरफार, आठ-अ मी स्वतः वाचतो. ‘भोगवटादार वर्ग २’ एवढे शब्द नजरेतून सुटले की जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून गाडं हलत नाही, तोवर साठेखताची मुदत संपते.

भाचा अजून माझ्याबरोबरच आहे. दुसऱ्या बैठकीपासून तो एकटा जातो. पहिलीला मी असतो, आणि आकड्याचं नाव काढण्याआधी घरात म्हातारं माणूस असेल त्याच्याजवळ जाऊन बसतो.